बिघाड गृहीत धरून उभारलेले संवेदकांचे जाळे : मंद्रूप मंडळातील पर्जन्यमापनाच्या निमित्ताने

सोलापुराहून विजयपुराकडे जाणाऱ्या रस्त्याने सीना नदी ओलांडली की थोड्याच वेळात मंद्रूप हे गाव लागते. सीना व भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव. येथून पूर्वेस हत्तरसंग-कुडल येथे, शके ९४० मधील मराठी शिलालेखामुळे अभ्यासकांस सुपरिचित असलेल्या मंदिराजवळ, या नद्या एकमेकींस मिळतात. दोन्ही बाजूंस नद्या असल्या तरी मधला मुलूख अवर्षणप्रवण आहे. वर्षाकाठी सरासरी पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः सप्टेंबर महिन्यात आणि परतीच्या मोसमात, मेघगर्जनेसह व तुकड्यातुकड्यांनी पडणारा. एका शिवारात बांध फुटावेत आणि लगतच्या शिवारात ढेकूळही विरघळू नये, असा अनुभव या भागातील शेतकऱ्यास नवा नाही.

अशा प्रदेशात पाऊस मोजणे हे वरकरणी दिसते तितके साधे काम नाही. मंद्रूप हे महसूल मंडळाचे मुख्य ठिकाण असल्यामुळे त्याला आणखी एक महत्त्व प्राप्त झाले आहे. महाराष्ट्रात अतिवृष्टीचा निर्णय मंडळाच्या पातळीवर होतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात, आणि नुकसानीचे पंचनामे व मदत यांचा विचार त्या आधारे सुरू होतो. द्राक्षे व डाळिंबे यांसारख्या फळपिकांच्या हवामानाधिष्ठित विम्यात तर यंत्राने नोंदलेला आकडा हाच पुरावा असतो. तेथे बागेत येऊन कोणी पाहणी करीत नाही. म्हणजे मंडळातील पर्जन्यमापकाने ६६ दाखविले की ६४, या दोन मिलिमीटरांवर कित्येक कुटुंबांचे वर्ष अवलंबून राहू शकते. ते मापक त्या रात्री बंद पडले असल्यास काय, आणि बंद न पडता चुकीचे बोलत असल्यास काय, हे दोन प्रश्न म्हणूनच केवळ यंत्रशास्त्राचे राहत नाहीत. त्यांपैकी दुसरा पहिल्याहून पुष्कळ अवघड आहे.

राज्य शासनाच्या कृषी विभागाने ‘महावेध’ या प्रकल्पाखाली २०१७ पासून प्रत्येक महसूल मंडळात एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि पाऊस यांच्या नोंदी ही केंद्रे ठराविक मिनिटांच्या अंतराने दूर पाठवितात. पूर्वी तालुक्याच्या गावी एक मापक असे, त्या मानाने ही प्रगती मोठी आहे. परंतु आकडेमोड करून पाहिली म्हणजे मर्यादाही ध्यानी येते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. दोन हजार साठ केंद्रांत ते वाटले तर एकेका केंद्राच्या वाट्यास सुमारे १५० चौरस किलोमीटर येतात. वीस सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे तोंड असते जेमतेम ३१४ चौरस सेंटिमीटरांचे. ज्या क्षेत्राच्या वतीने ते नरसाळे साक्ष देते, ते त्याच्याहून सुमारे पाचशे कोटी पटींनी मोठे असते. साक्षीदार एक आणि मामला एवढा मोठा, अशी ही स्थिती होय.

हा साक्षीदार आतून कसा असतो हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल. नरसाळ्यात पडलेले पाणी खाली एका जुळ्या वाटीत उतरते. तराजूच्या दांडीप्रमाणे ही जुळी वाटी मध्यभागी टेकलेली असते. एका बाजूस ठराविक पाणी साचले की ती कलते, पाणी सांडून जाते व दुसरी बाजू धारेखाली येते. प्रत्येक कलण्याबरोबर एक चुंबक विद्युत्-कळ दाबतो आणि नोंद होते. ०.२ मिलिमीटर पावसास एक कल, असे मापक असल्यास वरील व्यासाच्या नरसाळ्यात एका कलास सहा मिलिलिटरांहून किंचित अधिक पाणी लागते. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ कल. यंत्र इतके सुटसुटीत आहे की त्यात बिघडण्यासारखे काही नसावे असे वाटते. वस्तुतः बिघडते ते यंत्राभोवतीचे जग. नरसाळ्यात काळ्या रानातील धूळ बसते, चिलटांमागे कोळी येतो व जाळे विणतो, कडेवर पाखरे बसतात, गांधीलमाशी नळीच्या तोंडाशी मातीचे घर करते. छिद्र पूर्ण बुजले की यंत्र बंद पडत नाही. ते व्यवस्थित चालू असते, वेळच्या वेळी संदेश पाठविते, आणि त्या संदेशात पाऊस शून्य असतो.

अर्धवट बुजलेले छिद्र आणखी फसवे असते. सरीचे पाणी नरसाळ्यात तुंबून राहते आणि पाऊस थांबल्यावर तासन् तास एकसारख्या संथ गतीने ठिबकत राहते. दिवसाची बेरीज पाहणाऱ्यास त्यात काही वावगे दिसणार नाही, परंतु प्रत्येक कलाची वेळ ज्याच्याजवळ आहे त्यास ते तत्काळ ओळखता येते, कारण खरा पाऊस इतका शिस्तीने कधी पडत नाही. उलट फार जोराच्या सरीत, वाटी कलत असतानाच वरून येणारे पाणी वाया जाऊन आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. म्हणजे ज्या पावसाची अचूक नोंद सर्वांत अगत्याची, त्याच पावसात या यंत्राचा कल कमी सांगण्याकडे असतो.

जुन्या पद्धतीशी येथे तुलना केल्यावाचून राहवत नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, आणि सायमन्स पद्धतीचा साधा पर्जन्यमापक देशभर रूढ झाला. पाच इंच व्यासाचे नरसाळे, खाली बाटली व मोजपात्र, एवढाच त्याचा संसार. सकाळी साडेआठ वाजता माणूस जाऊन पाणी मोजी व वहीत आकडा लिही. या पद्धतीचे दोष उघड आहेत. दिवसातून एकच नोंद, सुटीच्या दिवशी खाडा, आणि क्वचित घरबसल्या लिहिलेले आकडे. तथापि तिच्यात दोन गुण होते. एक, तार पोहोचली नाही तरी वही गावीच राहत असे. दळणवळण तुटल्याने नोंद नाहीशी होत नसे. दोन, आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना होता. नरसाळ्यात पान अडकलेले दिसले, बाटली भरून सांडलेली दिसली, तर वाचणारा तसे लिहू शकत असे. आकड्याबरोबर आकड्याविषयीची शंकाही पुढे जात असे. स्वयंचलित केंद्राने शेकडो नोंदी दिल्या, पण शेऱ्याचा रकाना तेवढा गाळला. संवेदकांच्या जाळ्यासंबंधी गेल्या सत्तर वर्षांत झालेला बराचसा विचार हा, या दृष्टीने पाहिल्यास, तो रकाना यंत्राला पुन्हा कसा मिळवून द्यावा याचाच विचार आहे.

अविश्वसनीय भागांपासून विश्वसनीय रचना करता येते काय, हा प्रश्न जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ मधील व्याख्यानांत मांडला व १९५६ मध्ये तो विस्ताराने प्रसिद्ध झाला. त्यांच्या उत्तराचे सार असे की, एकच काम अनेक भागांकडून करवून घ्यावे व बहुमत प्रमाण मानावे. समजा, एखादे मापक कोणत्याही दिवशी बरोबर असण्याची शक्यता दहांत नऊ आहे. मग वर्षातील सुमारे छत्तीस दिवस ते भरवशाचे नसेल. अशी तीन मापके ठेवून त्यांतील निदान दोन बरोबर असावीत एवढी अपेक्षा केली, तर यशाची शक्यता ०.९७२ होते व वाईट दिवस दहावर येतात. पाच मापके ठेवली तर ती ०.९९१ होऊन वाईट दिवस तीनच उरतात. मात्र याच गणिताची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. मापक बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली, उदाहरणार्थ दहांत चार, तर तिघांच्या बहुमताची शक्यता ०.३५२ म्हणजे एकट्याहूनही कमी येते. देखभालीवाचून गंजलेल्या दहा यंत्रांचे बहुमत हे एका गंजलेल्या यंत्राहून अधिक आत्मविश्वासाने चुकते.

शिवाय या गणिताचा पाया असा की, बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. प्रत्यक्षात ते तसे नसतात, आणि मंद्रूपसारख्या ठिकाणी तर मुळीच नसतात. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा तीव्र पट्टा सोलापूर भागावरून गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, मंद्रूपच्या उत्तरेस सोलापूर-विजयपूर महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी वीज जाते, विजेअभावी मोबाइल मनोऱ्याचे विद्युत्-घट उतरतात, दोन-तीन दिवसांच्या ढगाळ हवेने सौरपट्टीकडून केंद्राच्या घटास पुरेसा भार मिळत नाही, आणि रस्ता बंद असल्यामुळे दुरुस्ती करणारा पोहोचू शकत नाही. सर्व बिघाडांचे मूळ एक, आणि ते मूळ म्हणजे ज्याची नोंद घ्यावयाची तीच घटना. पाच केंद्रे एकाच मनोऱ्यावर अवलंबून असतील तर संदेशवाहनाच्या दृष्टीने ते एकच केंद्र होय.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पसरलेले जाळे आणि विकेंद्रित जाळे या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन हजार केंद्रे दोन हजार गावांत असली तरी प्रत्येक केंद्र जर थेट एकाच दूरच्या संगणकाशी बोलत असेल, शेजाऱ्याची त्यास ओळखही नसेल, तर ते जाळे जमिनीवर पसरलेले पण रचनेने एककेंद्री असते. छत्रीच्या काड्या कितीही दूरवर गेल्या तरी दांडा मोडल्यावर छत्री राहत नाही. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील रँड संस्थेसाठी लिहिलेल्या प्रबंधमालेत हा भेद प्रथम नीटपणे मांडला. एककेंद्री, अनेककेंद्री व जाळीदार अशा तीन रचना त्यांनी कल्पिल्या आणि गाठी अंदाधुंद नष्ट होऊ लागल्यास प्रत्येकीचे काय होते ते हिशेबाने दाखविले. सर्व गाठी कशाबशा जोडण्यास जितके दुवे किमान लागतात त्याच्या सुमारे तीन-चार पट दुवे असले, तर बऱ्याच गाठी गेल्यावरही उरलेल्यांपैकी बहुतेक एकमेकींशी जोडलेल्या राहतात, असे त्यांना आढळले. त्याहून अधिक दुवे घालून लाभ फारसा वाढत नाही. टिकाऊपणास अमर्याद खर्च लागत नाही, हा त्यातील उत्साहवर्धक भाग.

मंद्रूप परिसरात अशी जाळीदार रचना कशी चालेल याचे कल्पनाचित्र पाहण्यासारखे आहे. मंद्रूप, निंबर्गी, कंदलगाव, भंडारकवठे, विंचूर, वडकबाळ अशा गावी एकेक ठाणे आहे असे समजू. अल्प शक्तीवर काही किलोमीटर पोहोचणारे बिनतारी साधन आज उपलब्ध आहे व त्यास मोबाइल मनोरा लागत नाही. प्रत्येक ठाणे आपल्या शेजाऱ्यांची यादी ठेवते, कोणाचा आवाज स्पष्ट येतो व कोणाचा क्षीण याची टिपण ठेवते. भंडारकवठ्याचा संदेश विंचूरमार्गे मंद्रूपला व तेथून पुढे जात असेल आणि विंचूरचे ठाणे गप्प झाले, तर पुढच्या फेरीत तो दुसऱ्या वाटेने जातो. कोणी आज्ञा द्यावी लागत नाही. एकच संदेश अनेक वाटांनी आला तर त्यावरील अनुक्रमांकावरून तो ओळखून एकदाच धरला जातो, आणि तो अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून किती टप्पे घ्यावयाचे याची मर्यादा त्यावरच लिहिलेली असते. सगळ्याच वाटा बंद झाल्या तर ठाणे नोंद स्वतःजवळ साठविते व वाट मोकळी होताच पाठविते. वही गावी राहण्याचा जुना गुण तो हाच.

या सोयीस किंमत पडते ती विजेची. बिनतारी साधनाचा बहुतेक खर्च बोलण्यापेक्षा ऐकण्यात होतो, कारण बोलणे क्षणाचे असते आणि ऐकण्यासाठी सतत जागे राहावे लागते. म्हणून ठाणी आळीपाळीने झोपतात व ठरलेल्या क्षणी जागी होतात. त्यासाठी सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत, आणि स्वस्त घड्याळे उन्हाळ्याच्या तापाने पुढेमागे होतात, म्हणून ती वरचेवर जुळवून घ्यावी लागतात. आणखी असे की, बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या ठाण्याच्या निकट जे असतात त्यांच्यावर सर्वांचे ओझे वाहण्याची पाळी येऊन त्यांचेच घट आधी उतरतात. बाहेर जाण्याच्या वाटा दोन-तीन ठिकाणी विभागणे, हाच त्यावरील खरा उपाय होय.

संदेश पोहोचला, पण तो खरा कशावरून? या प्रश्नाने विषयाचा गाभा सुरू होतो. बिघाडाच्या तीन पायऱ्या कल्पिता येतील. पहिला बिघाड मौनाचा. ठाणे बंद पडते व ते बंद पडल्याचे सर्वांना कळते. असा एक बिघाड सोसण्यास दोन ठाणी पुरतात. दुसरा बिघाड असत्याचा. ठाणे चुकीचा आकडा देते, पण सर्वांना एकच देते. तेथे खरे-खोटे ठरविण्यास तिसरा साक्षीदार लागतो, म्हणजे एकूण तीन. तिसरा बिघाड द्विमुखीपणाचा. ठाणे एका शेजाऱ्यास एक व दुसऱ्यास वेगळेच सांगते. विद्युत्-घट उतरू लागला, जोडणीत ओल शिरली, की असे प्रत्यक्ष घडते. वरचे न्यायासन नसताना, आपसांतील संवादानेच एकमत करावयाचे असेल, तर असा एक बिघाड सोसण्यास किमान चार ठाणी लागतात, आणि अशी अनेक बिघडलेली ठाणी सोसावयाची असल्यास त्यांच्या संख्येच्या तिपटीहून एक अधिक लागतात. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्ताक व मार्शल पीझ यांनी १९८२ मध्ये बायझंटाइन सेनापतींच्या रूपकातून हा सिद्धांत विशद केला. केंद्र काढून टाकले की विश्वासाची किंमत वाढते, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

आता ६५ मिलिमीटरांच्या मर्यादेकडे परत येऊ. केवळ उदाहरणादाखल, एका मंडळातील पाच मापकांनी एका रात्री ६२, ७१, ०, ६६ व ६८ असे आकडे दिले अशी कल्पना करावी. त्यांची सरासरी ५३.४ येते. मंडळ मर्यादेच्या आत राहते आणि प्रकरण तेथेच मिटते. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर तो ६६ येतो. एका कोळ्याच्या जाळ्याने सरासरी बारा-तेरा मिलिमीटरांनी खाली ओढली, मधल्या आकड्यावर मात्र तिचा परिणाम जवळजवळ झाला नाही. म्हणूनच बिघाड गृहीत धरणारी बहुतेक जाळी सरासरीऐवजी मधला आकडा पसंत करतात. पाचांपैकी दोन मापके हवे ते बोलली तरी तो उरलेल्या तिघांच्या टोकांबाहेर जात नाही.

पण एवढ्यावर समाधान मानणे चूक ठरेल. तो शून्य खराही असू शकतो. लेखाच्या आरंभी सांगितल्याप्रमाणे या मुलखातील पाऊस तुकड्यातुकड्यांनी पडतो. दूर पसरलेल्या संथ पावसात दहा-पंधरा किलोमीटरांवरचा शेजारी विश्वासाने साक्ष देऊ शकतो, परंतु मेघगर्जनेच्या एकट्या ढगाची व्याप्ती कित्येकदा चार-सहा किलोमीटरांचीच असते. तेथे शेजाऱ्यांच्या बहुमतावरून एकाकी आकडा खोडला तर बिघाडाबरोबर सत्यही खोडले जाईल. ज्या एका गावावर ढग फुटला त्याचाच आकडा ‘इतरांशी जुळत नाही’ म्हणून टाकला जाणे, यासारखा अन्याय नाही. इतर देशांतील संथ पावसाच्या प्रदेशांसाठी आखलेले नियम येथे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत, हे विशेषेकरून लक्षात ठेवले पाहिजे.

यातून वाट निघते ती साक्षीदारांची संख्या वाढविण्यापेक्षा साक्षीदारांची जात बदलण्यात. एकाच आवारात, चार-सहा फुटांच्या अंतरावर, दोन मापके ठेवली तर त्यांच्यावरचा पाऊस एकच असतो. त्यांच्या आकड्यांत तफावत पडली की ती यंत्राची, आभाळाची नव्हे. म्हणजे यंत्राच्या तपासणीसाठी जुळे भावंड आणि पावसाच्या व्याप्तीसाठी दूरचा शेजारी, अशी कामाची विभागणी करावी लागते. ही दोन कामे एकाच जादा योजनेकडून होत नाहीत. त्याखेरीज केंद्रावर तापमान व आर्द्रता मोजणारी साधने आहेतच. जोराची सर आली की तापमान काही मिनिटांत उतरते आणि आर्द्रता संपृक्ततेकडे चढते. तापमान एकाएकी आठ-दहा अंशांनी उतरले, आर्द्रता शंभराजवळ पोहोचून तेथेच राहिली आणि तरीही पर्जन्यमापक शून्यच सांगत असेल, तर त्या शून्याविषयी शंका घेण्यास सबळ कारण आहे. गडगडाटी ढगाखालून सुटणारा गार वारा पाऊस न पडताही गारवा आणतो हे खरे. म्हणून ही साक्ष निर्णायक मानू नये, पण शेरा लिहिण्याइतकी ती पुरेशी आहे. जमिनीत पुरलेला ओलावामापक ही आणखी वेगळ्या जातीची साक्ष. त्याच्यावर कोळी जाळे विणू शकत नाही.

रडार हा साक्षीदार सर्वांत दूरदृष्टीचा, पण तो पाऊस मोजीत नाही. थेंबांवरून परावर्तित झालेली लहर मोजतो व पावसाचा आकडा अनुमानाने काढावा लागतो. त्या अनुमानास आधार जमिनीवरील मापकांचाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात कृत्रिम पर्जन्याचे प्रयोग केले, तेव्हा रडार, विमान व जमिनीवरील पर्जन्यमापकांचे दाट जाळे यांची सांगड घालण्यात आली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पावसातील सापेक्ष वाढ सुमारे १८ टक्के असल्याचे म्हटले आहे. एवढी वाढ सिद्ध करावयाची तर मापकांचा स्वतःचा दोष तिच्याहून बराच लहान असावा लागतो. एरवी बुजलेली नरसाळी व पेरलेले ढग यांचे परिणाम एकमेकांत मिसळून जातील.

यंत्र आपल्या बिघाडाची पूर्वसूचना स्वतःच देते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर मिळाले. २००२ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी तेथे समुद्रपक्ष्यांच्या बिळांत काही डझन लहान बिनतारी ठाणी बसविली. पुढे नोंदी तपासताना असे दिसले की, ज्या ठाण्यांच्या आर्द्रतामापकांनी अशक्य कोटीतील आकडे देण्यास आरंभ केला, ती ठाणी बहुधा लवकरच बंद पडली. आवरणात पाणी शिरले होते. प्रथम मापक बिघडले, मग घट. निरुपयोगी म्हणून टाकून दिलेला आकडा हाच वस्तुतः सर्वांत उपयुक्त निरोप होता. मंद्रूपच्या केंद्राकडून आर्द्रता १०० टक्क्यांहून अधिक येऊ लागली, तर तो आकडा छाटून १०० करणे ही कार्यालयीन टापटीप झाली. दुरुस्ती करणाऱ्यास मात्र तो न छाटलेलाच हवा असतो.

पूर्णतः केंद्रावाचून एकमत कसे साधावे यासाठीही रीती आहेत, त्यांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. ‘कुजबूज’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत प्रत्येक ठाणे अधूनमधून कोणत्याही एका शेजाऱ्यास गाठते व दोघे आपापले आकडे सारखे वाटून घेतात. एकाजवळ ६० व दुसऱ्याजवळ ४० असतील तर दोघांजवळ ५० होतात. एकूण बेरीज बदलत नाही, आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होता होता सर्वांजवळ समग्र सरासरी येऊन ठेपते. जत्रेतील वार्ता जशी कोणी दवंडी न पिटता सर्वत्र होते, तसाच हा प्रकार. त्यातील गोम अशी की, देवघेवीच्या मध्येच एखादे ठाणे बंद पडले तर त्याच्याजवळचा हिस्सा कायमचा नाहीसा होतो व सर्वांची सरासरी चुकते. शिवाय सरासरीचे दोष वर सांगितलेच आहेत. स्वतःचा मूळ आकडा प्रत्येकाने वेगळा जपून ठेवावा, म्हणजे हिशेब पुन्हा मांडता येतो.

विकेंद्रीकरणाचा खरा लाभ सरासरीत नसून निर्णयाच्या जागेत आहे. नदीवरच्या पुलाजवळ पाण्याची पातळी मोजणारे साधन आहे असे समजू. पातळी धोक्याच्या खुणेवर गेली की ते दूरच्या केंद्रास कळविणार, केंद्र जिल्ह्यास, जिल्हा तालुक्यास व तालुका गावास, या साखळीतील एक कडी निखळली की सूचना थांबते. तेच साधन, वरच्या अंगाकडील दोन ठाण्यांचा दुजोरा मिळताच, पुलाच्या दोन्ही टोकांस स्वतःच तांबडा दिवा लावू शकेल. केंद्राची अनुज्ञा त्यास लागू नये. केंद्रास मागाहून कळले तरी चालते. कोणता निर्णय गावी व्हावा आणि कोणता वर, हे आधी ठरविल्यावाचून यंत्रांची खरेदी करणे म्हणजे विहिरीची जागा ठरण्यापूर्वी मोट विकत घेणे होय. अर्थात नुकसानभरपाईचा निर्णय यंत्रावर सोडून देणे कोणी सुचविणार नाही. तेथे यंत्राने करावयाचे ते इतकेच की, आकड्याबरोबर त्याचा शेरा पाठवावा : भावंडाशी जुळले किंवा नाही, शेजाऱ्यांशी किती तफावत, घटाची स्थिती, मागील सफाईचा दिवस. ६४ या आकड्यापुढे ‘जुळ्या मापकात ७०, छिद्र अर्धवट बुजल्याचा संशय’ असे आले, तर पंचनाम्यास जावे की नाही हे माणसास ठरविता येईल.

केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘विंड्स’ या योजनेत तालुक्याच्या पातळीवर हवामान केंद्र व ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक, अशी घनदाट रचना अभिप्रेत आहे. ती जसजशी उभी राहील तसतसे शेजाऱ्यांचे अंतर गडगडाटी ढगाच्या व्याप्तीएवढे खाली येईल, आणि वर वर्णिलेल्या परस्पर-साक्षीस प्रथमच खरा अर्थ येईल. त्याबरोबर सफाईचे कामही कैक पटींनी वाढेल. नरसाळ्यातील धूळ व कोळ्याचे जाळे काढण्यास कोणतेही गणित उपयोगी पडत नाही, त्याला ब्रश आणि माणूस लागतो.

तपासणीची एक सोपी रीत गावच्या शाळेतील विद्यार्थ्यांसही करता येण्याजोगी आहे. एक लिटर पाणी मोजून घ्यावे, डब्याला बारीक भोक पाडून ते वीस सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात तासभर संथपणे ठिबकू द्यावे. हे पाणी ३१.८ मिलिमीटर पावसाबरोबर होते, म्हणून ०.२ मिलिमीटरांच्या मापकाने सुमारे १५९ कल नोंदले पाहिजेत. आकडा पाच-सात कलांनी पुढेमागे झाल्यास चिंता नाही. तो १२० वर थांबला, किंवा पाणी संपल्यावरही वाटी बराच वेळ कलत राहिली, तर छिद्र तपासावे. मात्र पाणी ओतण्यापूर्वी केंद्रास तशी खूण पाठविण्याची सोय यंत्रात असली पाहिजे. नाहीतर ऐन एप्रिलात मंद्रूप येथे बत्तीस मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद दप्तरी कायम व्हावयाची.